बरणी

प्रिस्किलाबाई ओहोळ गेल्या, त्याच आठवड्यात
त्यांच्या सुनेनं चिनी मातीची बरणी
माझ्या उंबऱ्याशी आणून ठेवली,
तोंडाला मलमल, त्यावर दोऱ्याची गाठ.
म्हणाली, आता हे तुमच्याकडं.
कुणी ठरवलं, मी विचारलं नाही.
आमच्या मंडळीत असंच ठरतं,
सभेत नाही,
दफनविधीनंतर बशीतून चहा पिताना.

एकतीस वर्षं प्रभुभोजनाचा रस
त्यांच्या जेलरोडच्या स्वयंपाकघरात झाला.
तिकडं धरणाकाठी वाइनरीच्या पाट्या,
शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग,
आणि आमच्या वेदीसाठी
पिंपळगावहून एस.टी.च्या टपावर एक पेटी काळी द्राक्षं.
देठ काढायचे, तीन पाण्यांतून काढायची,
हातानंच कुस्करायची.
मिक्सर नाही, बिया फुटतात, कडू होतं.
एवढं त्यांनी सांगितलं होतं.
साखर किती, ते नाही सांगितलं.
"जीभ सांगेल," म्हणायच्या,
जणू जीभ ही घरातली कुणी थोरली जाऊ.

पहिल्या वर्षी माझा रस आंबट झाला.
कठड्यापाशी गुडघे टेकलेल्या शलमोनकाका पगाऱ्यांनी
मिटल्या डोळ्यांनीच भुवया वर केल्या.
छापखान्यात होते ते, आयुष्यभर कोऱ्या नोटा मोजल्या,
आता दानपिशवीतली दहाची नाणी मोजतात,
दोनदा.
बाहेर चपला शोधताना म्हणाले,
"ताई, ह्या खेपेला पश्चात्ताप जरा जास्त पडला."

दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेबांनी
फळ्यावर एकच शब्द लिहिला होता : आहे.
'सारखं आहे' नाही.
'आठवण आहे' एवढंच नाही.
नुसतं आहे. शेवटच्या मात्रेला खडू मोडला.
आम्ही अकरा पोरं. एलियाजर म्हणाला,
पण कसं काय आहे?
साहेब बराच वेळ खिडकीबाहेर
रेल्वे क्वार्टरच्या वाळत घातलेल्या धुण्याकडं बघत राहिले.
मग म्हणाले, कसं ते त्याला विचार,
मी वाढपी.

परीक्षेत हा प्रश्न आला नाही.
दर फेब्रुवारीत येतो,
कोपरापर्यंत हात चिकट झाले की,
ओट्यावर मुंग्या आल्या की.
मी कुस्करते ते द्राक्ष.
मला तेवढंच नक्की माहीत असतं.

यंदा पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री
वेदीवरचं जांभळं वस्त्र उतरवून
पांढरं अंथरलं, मीच इस्त्री केलेलं.
सुरई भरून ठेवताना हात हलला.
वाटीएवढा डाग, बरोब्बर मधोमध.
मीठ चोळलं, लिंबू पिळलं,
उंचावरून उकळतं पाणी ओतलं.
चाळीस दिवस सरले होते,
जांभळा काही जायला तयार नव्हता.

उलटी बाजू तरी चालेल का, म्हणून कापड फिरवलं
आणि बल्बखाली धरलं.
पांढऱ्या दोऱ्याचे ते गुलाब,
ज्यांना आम्ही सगळ्या बायका प्रिस्किलाबाईंची हौस म्हणायचो,
कधीच सरळ रांगेत नसलेले,
एक कोपऱ्यात, दोन एकमेकांना खेटून,
प्रत्येकाच्या पोटात
फिकट, चहाच्या रंगाचा एकेक डाग.
मी मोजले. सात.
मग शलमोनकाकांसारखे
पुन्हा मोजले.

एकतीस वर्षांत सात वेळा.
कुणाजवळ बोलल्या नाहीत.
साखरेचं मापही
असंच कुठंतरी टाक्याखाली असेल.

मला भरतकाम येत नाही.
पहाटे पाचला पोरांनी घंटेचा दोर धरला, तेव्हा
मी भाकरीची थाळी उचलली
आणि जरा डावीकडं सरकवून ठेवली.